बरं म्हणजे नाही

माणूस पारखायला मला फार वेळ लागत नाही, असं मी म्हटलं की आमच्या घरात सगळे हसतात. हसोत बापडे. म्हैस, मोलकरीण आणि जावई या तिन्ही बाबतींत माझा अंदाज आजवर चुकलेला नाही, आणि एकदा तर तो चांगल्या शिकल्या-सवरल्या मंडळींपेक्षा बरोबर ठरला होता. ती गोष्ट आईच्या आजारपणातली.

लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर मिळत होती आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत होत्या. माझा भाऊ पलटणीत होता, वहिनी पहिल्या बाळंतपणासाठी विट्याला माहेरी गेली होती. मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते. कृष्णाकाठच्या मळ्यात आई आणि आबा, दोघंच. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर आईच्या अंगावरून वारं गेलं. आबांनी तिला बैलगाडीत घालून सांगलीला आणलं, आणि डॉक्टर जवळ असावेत म्हणून खणभागात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. ऊस चुलत्यांच्या भरवशावर टाकला. मला तार आली तेव्हा परीक्षा संपत आल्या होत्या. मी पोरांना सासूबाईंकडे ठेवून निघाले.

आईचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. एकच शब्द राहिला होता: बरं. पाणी हवंय का? बरं. दुखतंय का? बरं. मी कोण आहे, ओळखलंस का? त्यावरही बरं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, समजतं सगळं, पण तोंडाला एखादाच शब्द राहतो. तोच का राहिला हे त्यांना सांगता येईना. मला सांगता आलं असतं. चोरी झालेल्या घरात रोजच्या वापरातलं एखादं भांडं तेवढं मागे राहावं, तसा तो राहिला होता. आमच्या आईने जन्मभर दुसरं काही म्हटलंच नव्हतं. आजी म्हणायची, आज शेतावर बारा जणांच्या भाकरी. आई म्हणायची, बरं. आबा म्हणायचे, पोरीला शिकायला साताऱ्याला धाडतोय. आई म्हणायची, बरं. भावाने पलटणीत नाव घातल्याचं सांगितलं तेव्हा ती तव्यापुढे बसली होती. बरं, म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी तिने ती उलटली नाही.

त्यामुळे आईच्या बरंचे प्रकार मला लहानपणापासून पाठ होते. तुटक बरं म्हणजे करते, पण तोंड बंद ठेव. लांबवलेलं बरंऽ म्हणजे घरी चल, मग दाखवते. खाली पडणारं बरं म्हणजे काळजात कळ आली आहे, पण विचारू नका. आता तिच्याजवळ एवढंच भांडवल होतं, आणि ते ओळखणारी माणसं दोन, मी आणि आबा.

आबांचा उपयोग नव्हता असं नाही, पण अडचण वेगळीच होती. आबा तिला कुशीवर वळवायला जवळ आले, की आई शाबूत असलेल्या डाव्या हाताने पदर तोंडावर ओढायची. नवऱ्याने आपलं अंग पुसावं, आपलं ओलं लुगडं बदलावं, हे तिला मरणाहून अवघड वाटत होतं. आबाही मग तोंड फिरवून अंगणात जायचे आणि तिथे उगाच बादली घासत बसायचे. म्हणजे बाईमाणूसच हवं होतं, आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत हवं होतं. शाळा उघडली की मला जाणं भाग होतं. माझ्या मागे आईच्या पाठीला जखमा पडल्या, ती ओल्यात पडून राहिली, आणि सगळ्यांना बरं बरं म्हणत झिजत गेली, तर? ही एकच भीती मला त्या दिवसांत होती. बाकी कशालाच मी घाबरत नव्हते.

सांगलीत तेव्हा बायकांचं एक शुश्रूषा मंडळ होतं. घरोघरी आजाऱ्यांच्या सेवेला ते शिकवलेल्या बायका पाठवत असे. मंडळाच्या चालक एक गोऱ्या, उंच, अतिशय नीटनेटक्या बाई होत्या. त्या स्वतः घरी येऊन आईला बघून गेल्या. बोलणं असं, की ऐकत राहावं. जाताना म्हणाल्या, "आमच्या सेविकांबद्दल आजवर एकाही रुग्णाने तक्रार केलेली नाही."

मी म्हटलं, "तुमच्या सेविका जिथं जातात ती घरं मला बघायची आहेत."

बाई जरा चपापल्या, पण त्यांनी दोन पत्ते दिले. पहिलं घर एका वकिलांचं. मला पाटावर बसवून चहा दिला आणि सेविकेचं एवढं कौतुक केलं, की मुलीचं लग्न जमवायला आल्यासारखं वाटलं. मी चहा घेतला आणि म्हटलं, आजींना भेटू का? खोलीत फिनेलचा भपकारा येत होता. माझ्या मते फिनेल दोन कारणांनी ओततात, एक स्वच्छतेसाठी आणि दुसरं कशावर तरी पांघरूण घालण्यासाठी. म्हातारीचंही आमच्या आईसारखंच उजवं अंग गेलेलं. पाण्याचा तांब्या कुठे ठेवला होता? उजवीकडे. मी तो उचलून डावीकडे ठेवला, तर म्हातारीने लगेच हात घातला आणि घटाघटा पाणी प्यायली. सेविका म्हणाली, "अगंबाई, त्यांनी कधी मागितलंच नाही." दुसऱ्या घरातली सेविका बरी होती, पण ती बाळंतिणीचं करत होती, आणि बाळंतीण चांगली खणखणीत बोलत होती. तिच्यावरून आईबद्दल काय कळणार?

रात्री जेवताना मी हे आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "म्हस घ्यायची तर धार बघून घ्यावी. आन सकाळची न्हाई, सांजचीबी बघावी. बाजारात तुंबवून आनत्यात."

आमच्याकडे हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. विकणारा आदल्या दिवशी धार काढतच नाही, कास टम्म फुगते आणि घेणारा भुलतो. म्हणून पहिली धार ही धारच नव्हे. मी ठरवलं, मंडळाची बाई ठेवायची, पण मी इथे असेपर्यंत दुसरी, तिसरी, चौथी धारही बघायची.

पहिली सेविका आली ती गोडबोली. हिरव्या काठाची पांढरी साडी, हात स्वच्छ, चाल मऊ. आईला रोज न्हाऊमाखू घालायची, केस विंचरायची, पावडर लावायची. खोलीत पाऊल टाकलं की विचारायची, "आई, बरं वाटतंय ना?"

"बरं," आई म्हणायची.

"आता पाठीवरच झोपता ना? बरं वाटतंय ना पाठीवर?"

"बरं!" हे बरं मी चुलीपुढून ऐकलं आणि उठून आले, कारण ते चिडलेलं होतं. पण सेविका समाधानाने पंखा हलवत होती.

आठवड्याने चालक बाई पाहणीला आल्या. खुर्ची ओढून आईच्या जवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "आमची सेविका नीट करते ना तुमचं?"

"बरं," आई म्हणाली. बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. पास झाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

माझा पारा चढला. मी म्हटलं, "बाई, घराला आग लागली आणि तुम्ही विचारलंत, तरी ती बरंच म्हणेल. तुम्हाला तक्रार येणार कुठून?" आणि त्यांच्यासमोरच मी आईला कुशीवर वळवलं. माकडहाडावर तळहाताएवढा लाल चट्टा उठला होता. अजून कातडी फुटली नव्हती, एवढंच देवाचं देणं.

सेविका रडवेली झाली. "मी रोज विचारत होते हो. कुशीवर वळवू का म्हणून विचारलं नाही असा दिवस नाही. त्या म्हणायच्या बरं, म्हणून वळवायला जावं, तर अंग आखडून घ्यायच्या. म्हणून मग पाठीवर बरं वाटतंय का विचारलं, तर बरं." ती खोटं बोलत नव्हती, हे मला मान्य करायलाच हवं. तिने विचारलं होतं आणि उत्तरही ऐकलं होतं. पण आईला दुखऱ्या कुशीवर नको होतं, दुसऱ्या कुशीवर हवं होतं, आणि एवढं मोठं वाक्य त्या एका शब्दात मावत नव्हतं. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, त्यातली गत.

चालक बाई खजील झाल्या. दुसरी सेविका पाठवते म्हणाल्या. मी म्हटलं, "एक नको, ज्या मोकळ्या असतील त्या सगळ्या आणा. मी परीक्षा घेणार." मास्तरीण होते, दुसरं काय सुचणार? मात्र परीक्षा कशी घ्यायची ते मी मनाशी पक्कं केलं होतं. आईच्या खाटेवर मी निजणार. उजवं अंग मेल्यासारखं टाकणार. आणि काहीही झालं तरी बरं याशिवाय एक अक्षर बोलणार नाही.

हे ऐकून आबा उखडले. "आजाऱ्याच्या हातरुनावर चांगल्या मानसानं निजू नये. आपशकून असतो. शिकलीस म्हंजी शिंगं फुटली व्हय?"

मी म्हटलं, "आबा, मी तिच्यातनंच आलीया. तिच्या हातरुनाचा मला कसला आलाय आपशकून?"

मग आबांनीच आईला उचलून आरामखुर्चीत बसवलं, चहूबाजूंनी उशा लावल्या आणि स्वतः दाराशी उभे राहिले. त्या वेळी आईने पदर ओढला नाही. पुढे काय होतंय ते तिला बघायचं होतं.

सकाळची वेळ होती. चालक बाई मोकळ्या असलेल्या दोघींना घेऊन आल्या होत्या. ही बातमी खणभागात कशी पसरली कोण जाणे, पण खिडकीशी शेजारच्या बायका जमल्या. मी नऊवारी सावरून खाटेवर निजले. त्या दोघींतली पहिली मला बघून हसायलाच लागली. हे असलं नाटक मी करणार नाही, म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली. ठीक आहे. ती नापास.

दुसरी कामाची होती. झरझर चादर काढली, मेणकापड पसरलं, मला उठवायला म्हणून मेलेल्या हाताला धरून ओढलं. खांद्यातून अशी कळ गेली, की मी ओरडले, "बरं!" ती म्हणाली, "झालं, झालं." मग तिने मी आडवीच असताना तोंडात दूध ओतायला घेतलं. एक घोट गेला. दुसरा श्वासात गेला. मी म्हटलं, बरं, बरं, बरं, म्हणजे थांब, थांब, अगं थांब. आणि तिला वाटलं बाईला दूध आवडलं. तिने पुढचा चमचा भरला. खोटं वाटेल, पण त्या क्षणी मला जे भय वाटलं ते नाटकातलं नव्हतं. मी बोलायला मोकळी होते. मनात आणलं असतं तर उठून बसले असते. तरीही शब्द हाताशी नसताना माणूस किती एकटं पडतं ते मला घशापर्यंत कळलं, आणि आईची अशी दया आली की सांगता सोय नाही.

"आवं थांबा!" आबा दारातून गरजले. "न्हाई म्हंतीया ती!"

मी उठून बसले, नाकातोंडातून दूध, ठसका लागलेला. खिडकीतल्या बायका हळहळल्या. आणि आरामखुर्चीतून एक आवाज आला. मला आधी कळेनाच कसला. आई हसत होती. वाकड्या तोंडाने, एका बाजूने, पण पोट धरून हसावं तशी हसत होती. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.

चालक बाई म्हणाल्या, "आता मोकळी अशी कोणी उरली नाही." मग अडखळल्या. "म्हणजे एक आहे. पण तिला मी सहसा पाठवत नाही. दोन घरांनी तक्रार करून परत पाठवलीय. तोंडाळ आहे. घरच्यांना उलट बोलते."

मी तोंड पुसत विचारलं, "तक्रार कोणी केली? रोग्याने का घरच्यांनी?"

"घरच्यांनी. रोगी म्हणाल तर," बाई पदर सारखा करत म्हणाल्या, "एका घरची आजी ती गेल्यावर जेवेना झाली होती."

"मग आतापर्यंत लपवून काय ठेवलीत? तीच द्या," मी म्हटलं.

दुपारी ती आली. वडूजकडची, थोराड, आवाज असा की चार घरं जागी व्हावीत. आत आल्या आल्या तिने मला खाटेवर बघितलं आणि आईला खुर्चीत. "आजारी कोन हाय ह्यातलं?" म्हणाली. मी म्हटलं, "बरं." तिने मला एकदा नीट न्याहाळलं आणि कामाला लागली. पाठीखाली हात घालून वळवायला गेली. मी म्हटलं, "बरं!" ती थांबली. "काय बरं? न्हाई तर मग न्हाई." दुसऱ्या बाजूने वळवलं. मी मुद्दाम पुन्हा चिडून बरं म्हटलं. तिने उशी काढली. बरं! उशी घातली, पाय दुमडला, चादर सारखी केली. मी हटून बसले होते. प्रत्येक वेळी चिडकं बरं. शेवटी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि माझ्यावरच ओरडली, "आता काय मी तुमास्नी उलटं टांगू व्हय?"

हसू दाबून मी विचारलं, "मावशी, बरं म्हणजे नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठं काय कळतंय? मानूस वरडलं की हात काढायचा आन दुसरं कायतरी करून बघायचं. गप झालं की ते बराबर."

एवढंच. मला वाटलं होतं, पारखी मी आहे, म्हणून निकालही मीच देणार. पण खुर्चीतून आईने डावा हात उचलला आणि त्या बाईकडे बोट केलं. "बरं," म्हणाली. हे बरं मात्र मी कधीच ऐकलं नव्हतं. त्यात पडती बाजू नव्हती, राग नव्हता, सोसणं नव्हतं. नवं लुगडं दुकानात आपल्या हाताने निवडावं तसं ते होतं. आणि आमच्या आईने स्वतःचं लुगडंसुद्धा कधी स्वतः निवडलेलं नव्हतं.

शाळा उघडायला मी साताऱ्याला गेले. आबांना लिहायचा कंटाळा, त्यामुळे खुशालीची कार्डं येत ती दोन ओळींची. मी त्यांच्यावर विसंबले नाही. सहामाहीची सुट्टी लागली तशी, कुणाला न कळवता मोटारीत बसले आणि दिवस कलायच्या सुमारास खणभागात उतरले.

बोळात शिरतानाच आरडाओरडा कानावर आला. मावशीचा आवाज चढलेला होता, आणि त्याच्यावर आईचा. बरं! बरं! बरं! मी हातातली पिशवी टाकली. माझ्या आईवर ओरडणारी ही कोण? दाराच्या पायरीवर आबा तंबाखू मळत बसले होते. मी त्यांना ओलांडून आत घुसणार, एवढ्यात त्यांनी माझ्या लुगड्याचा काठ धरला.

"बस हितं. रोजचंच हाय."

"आबा, ती आईवर ओरडतीया!"

"मग? तुजी आय गप बसलीया व्हय? ऐक की जरा."

मी ऐकलं. आतून मावशी म्हणत होती, "आवं, वेनी घालून घ्या की! कवाधरनं म्हंतीया, सांज झाली!" "बरं!" "मोकळ्या केसानं बसत्यात का बायका?" "बरं!" "मानसं काय म्हनतील?" "बरं!" भांडं आपटल्याचा आवाज. मग मावशीचा आवाज, पडलेला, कुरकुरणारा: "ऱ्हावू द्या तर. न्हाई म्हंजी न्हाई. तुमचंच खरं."

मी आबांशेजारी पायरीवर बसले. माझ्या आईने सासूला नाही म्हटलं नव्हतं, नवऱ्याला नाही म्हटलं नव्हतं, पोटचा पोरगा लढाईवर निघाला तेव्हासुद्धा नाही म्हटलं नव्हतं. आबांनी तंबाखू तोंडात टाकली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "जिकती रोज." त्यांचा आवाज जरा ओला होता, आणि माझ्या डोळ्यांचं तर विचारूच नका. भांडण पुरतं संपेपर्यंत आम्ही दोघं आत गेलो नाही.